राडारोडा ट्रकमध्ये चढण्याआधी

सोसायटीचा पुनर्विकास ठरला की बैठका सुरू होतात. वाढीव चटईक्षेत्र किती, भाडं किती महिन्यांचं, कॉर्पस किती, पार्किंग कुणाला. उभी इमारत पाडल्यावर तिचं काय करायचं, हा विषय बहुतेक ठिकाणी विषयपत्रिकेवर येतच नाही. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, ‘ते बिल्डर बघेल.’ बिल्डर ते पाडकामवाल्यावर सोडतो, पाडकामवाला डंपरवाल्यावर, आणि डंपरवाला रात्री उशिरा, रस्ते मोकळे झाले की सोयीची जागा शोधतो. ती जागा मुंबई-ठाण्यात खाडीकाठची तिवरं असते, पुण्यात ओढा, नदीपात्र नाहीतर टेकडीचा उतार, गावाकडे हमरस्त्याची कड. पुढच्या पावसात ओढ्याला वाहायला जागा उरत नाही आणि पाणी ज्यांच्या घरात शिरतं, त्यांचा त्या पुनर्विकासाशी काडीचाही संबंध नसतो.

हे टाळता येतं. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. पहिला घण पडण्याआधी कुणीतरी कागद-पेन घेऊन हिशेबाला बसावं लागतं. राडारोड्याचा पुन्हा कच्चा माल होणार की नुसता कचरा, हे प्रक्रिया केंद्रावर ठरत नाही. ते तुमच्या जागेवर, ट्रकमध्ये माल चढतानाच ठरून गेलेलं असतं. विटा, काँक्रीट, माती, प्लायवूड, पीओपी, वायरी आणि मजुरांच्या जेवणातला उरलेला भात एका ढिगात गेला की त्यातून काही निवडून काढणं कुणालाच परवडत नाही.

किती माल निघेल?

हा अंदाज स्वतः करा, ठेकेदाराच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. केंद्राच्या ‘टायफॅक’ या संस्थेने २००१ मध्ये दिलेले आकडे अजूनही सर्रास वापरले जातात. नव्या बांधकामात दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो, दुरुस्तीत ४० ते ५० किलो आणि पक्क्या इमारतीच्या पाडकामात ३०० ते ५०० किलो. यातला पाडकामाचा आकडा मला कमी वाटतो. स्लॅब-बीम-कॉलमच्या इमारतीचं स्वतःचं वजन मजल्याच्या दर चौरस मीटरला ढोबळमानाने एक टन धरलं जातं, आणि पाडल्यावर ते वजन कुठे विरून जात नाही.

वीस फ्लॅटची, एकूण १,२०० चौरस मीटर बांधकामाची जुनी इमारत घ्या. टायफॅकच्या हिशेबाने ३६० ते ६०० टन माल निघेल, वजनाच्या हिशेबाने १,२०० टनांच्या आसपास. आपल्याकडे व्यवहार ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट; सुटा राडारोडा असेल तर साधारण चार टन. म्हणजे १,२०० टनांचे ३०० ब्रास आणि तीन ब्रासच्या डंपरच्या १०० खेपा. या खेपांचं भाडं आणि प्रक्रिया केंद्राचं शुल्क एकदा कागदावर मांडा. ज्या ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये हा खर्च दिसत नाही, तो माल कुठे टाकणार, हे वेगळं विचारायची गरज उरत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्राचे बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम २९ मार्च २०१६ रोजी आले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्याने तो चार गटांत वेगळा ठेवायचा: काँक्रीट; माती; लोखंड, लाकूड व प्लास्टिक; विटा व गिलावा. शिवाय काम सुरू करण्याआधी त्याचा आराखडा स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा, असं बंधन त्यांनी घातलं. वरची वीस फ्लॅटची इमारत महिन्याभरात पाडली तर ३०० टनांची रेषा ती सहज ओलांडते. २०२५ मध्ये केंद्राने नवे नियम अधिसूचित केले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर त्यांनी पुनर्प्रक्रियेची थेट जबाबदारी टाकली आहे. तुमचा प्रकल्प त्याहून कितीही लहान असो, ते चार गट मात्र जसेच्या तसे उचला. जागेवर त्याहून सुटसुटीत पद्धत मी पाहिलेली नाही.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभरातल्या तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि तिवरांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात राडारोडा टाकण्यालाही मनाई केली. तुमच्या इमारतीचा डंपर तिथे पकडला गेला तर ‘आम्हांला माहीत नव्हतं’ हे उत्तर सोसायटीच्या कामी येणार नाही.

पाडकामाचा उलटा ठेका

इतर कुठल्याही कामात मालक ठेकेदाराला पैसे मोजतो. पाडकामात बहुतेक वेळा उलटं घडतं. ठेकेदारच मालकाला रक्कम देतो, कारण लोखंडी सळ्या, ग्रिल, दारं-खिडक्या, तांब्याच्या वायरी, नळ, पंखे, लिफ्टचं भंगार हे सगळं विकून त्याला कमाई होते. जो जास्त रक्कम देऊ करेल त्याला ठेका, असा सरळ हिशेब असतो. वरवर सोसायटीचा फायदा दिसतो. पण ठेकेदाराने भंगाराच्या जोरावर चढी बोली लावलेली असते आणि काँक्रीट-विटांना भंगाराच्या बाजारात किंमत नाही. मग तो पैसे वाचवतो ते याच मालाच्या वाहतुकीत. चाळीस किलोमीटरवरच्या केंद्रापर्यंत न जाता चार किलोमीटरवरच्या ओढ्यात डंपर रिकामा केला की त्याचा तोटा भरून निघतो. सर्वांत चढ्या बोलीला ठेका देणारी सोसायटी नकळत याच गोष्टीला पैसे पुरवते, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून निविदा मागवताना दोन रकमा वेगळ्या लिहून घ्या. ठेकेदार भंगाराचे किती देणार, हा एक आकडा. राडारोडा कुठल्या केंद्रावर, किती खेपांत, काय दराने नेणार, हा दुसरा. दोन्हींची वजाबाकी करून मग तुलना करा. करारात प्रक्रिया केंद्राचं नाव घाला. ‘योग्य ठिकाणी विल्हेवाट’ असल्या शब्दांना काही अर्थ नसतो. प्रत्येक खेपेला गाडीचा नंबर, सुटण्याची वेळ आणि केंद्रावरच्या वजनकाट्याची पावती आलीच पाहिजे. शक्य असेल तर गाडीला जीपीएस असल्याची अट घाला. एकूण रकमेतला डोळ्यांत भरेल एवढा हिस्सा पावत्या जुळेपर्यंत रोखून धरा. पुनर्विकासात पाडकामाचा करार बिल्डर करतो. अशा वेळी हीच कलमं तुमच्या विकसन करारात घालून घ्या आणि पावत्यांची प्रत सोसायटीला मिळण्याचा हक्क लिहून घ्या.

प्रक्रिया केंद्रं आहेत का? मोठ्या शहरांत आहेत. पुणे महापालिकेचं वाघोलीजवळ, पिंपरी-चिंचवडचं मोशीला, ठाण्याचं डायघरला, नागपूरचं भांडेवाडीत, मुंबईत दहिसरला. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ नावाची सेवाही आहे. ठरलेलं शुल्क भरलं की लहान प्रमाणातला माल उचलला जातो. दर बदलत असतात आणि यंत्रं कधी बंदही असतात, त्यामुळे काम सुरू करायच्या आठवड्यात फोन करून खात्री करून घ्या.

तालुक्याच्या गावी असं केंद्र नसतं. तिथे भरावाची गरज असलेली जवळची जागा शोधा, पण ती पूररेषेत, तळ्यात किंवा ओढ्यालगत नको. जागामालकाची लेखी संमती घ्या आणि फक्त स्वच्छ विटा-काँक्रीट-मुरूम न्या. माती आणि मुरूम जागेबाहेर काढताना तहसील कार्यालयातून गौण खनिजाचा परवाना लागतो, हेही विसरू नका.

इमारत उतरवायची कशी?

जेसीबी आणून एका दिवसात भिंती आडव्या केल्या की वेळ वाचल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्या एका दिवसात सगळा माल एकमेकांत कालवला जातो. इमारत जशी चढली त्याच्या उलट क्रमाने ती उतरवायची. आधी वीज, पाणी आणि गॅस तोडून घ्या. मग पंखे, दिवे, वायरी, नळ, कमोड, बेसिन. मग दारं, चौकटी, खिडक्या, ग्रिल, ओट्याचा कडप्पा, माळे. त्यानंतर फॉल्स सीलिंग आणि पार्टिशन. एवढं निघून इमारत नुसता सांगाडा आणि भिंती उरली की मग विटांच्या भिंती, आणि शेवटी स्लॅब, बीम, कॉलम. या क्रमात काही दिवस जास्त जातात, पण ढीग आपोआप वेगळे पडतात.

जुन्या वाड्यात किंवा कोकणातल्या घरात हे काम आणखी सावकाश करा. सागवानी तुळया, खांब, कोरीव चौकटी यांना पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या बाजारात गिऱ्हाईक असतं. मंगलोरी कौलं हाताने उतरवली तर बहुतेक शाबूत निघतात, वरून ढकलली तर सगळा चुरा. घडीव काळा दगड आणि शहाबादी फरशी कुंपणाला, पायऱ्यांना, अंगणाला पुन्हा वापरता येते.

विटांचं गणित मात्र जोडणीच्या मालावर अवलंबून असतं. चुन्यातली जोडणी विटेपेक्षा मऊ असते, त्यामुळे हातोडीच्या हलक्या ठोक्याने चुना सुटतो आणि वीट अख्खी हातात येते. सिमेंटची जोडणी विटेपेक्षा घट्ट. ती फोडायला गेलं की वीटच तुटते. म्हणून शंभर वर्षांच्या वाड्यातल्या विटा परत भिंतीत जातात आणि पन्नास वर्षांच्या चाळीतल्या विटांचे तुकडेच होतात. ते तुकडे वेगळे साठवा, त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

दोन गोष्टींना फार जपायला हवं. पहिली म्हणजे छपरावरचे जुने सिमेंटचे पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा फोडला, कापला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, छातीत जातात आणि फुप्फुसाचे असाध्य आजार कित्येक वर्षांनी वर येतात. पत्रे पाण्याने ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खेच खाली घ्या. मजुरांना साधा रुमाल पुरत नाही, चांगल्या प्रतीचे मास्क द्या. तुकडे झालेच तर जाड प्लास्टिकमध्ये बांधून वेगळे ठेवा. राडारोड्यात एकही टाकू नका. दुसरी गोष्ट पीओपी आणि जिप्सम बोर्ड. दिसायला निरुपद्रवी, पण जिप्सममध्ये सल्फेट असतं आणि ते काँक्रीटचा शत्रू आहे. जिप्सम मिसळलेल्या राडारोड्यापासून केलेली खडी पुढे काँक्रीटला तडे पाडते. ओल्या भरावात गाडलं तर त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू सुटतो. पीओपी गोण्यांत भरून बाजूला काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते चुकवू नका.

रंगाचे डबे, थिनर, ट्यूबलाइट, जुन्या बॅटऱ्या यांची पेटी स्वतंत्र. मजुरांच्या वस्तीचा ओला कचरा रोजच्या रोज महापालिकेच्या गाडीत गेला पाहिजे.

नव्या कामातला कचरा

पाडकामाचा कचरा अटळ आहे. नव्या बांधकामातला बराचसा आपण निष्काळजीपणाने तयार करतो, आणि तो पूर्ण दराने विकत घेतलेला माल असतो.

सळ्यांचंच बघा. सळई १२ मीटर लांबीची येते. समजा तुम्हाला ४.५ मीटरचे आणि २.९ मीटरचे तुकडे हवे आहेत. फिटरला आज ४.५ मीटरचे सांगितले तर तो एका सळईतून दोन कापतो आणि तीन मीटरचा तुकडा बाजूला फेकतो. आठवड्याने २.९ मीटरचे सांगितले की तो नवी सळई ओढतो, कारण आधीचे तुकडे तोवर वाळूखाली किंवा शटरिंगच्या ढिगाआड गेलेले असतात. तेच दोन्ही माप एकदम दिलं असतं तर ४.५ चे दोन आणि २.९ चा एक मिळून ११.९ मीटर भरले असते आणि वाया गेला असता अवघा १० सेंटिमीटर. १६ मिलिमीटरच्या सळईचा तीन मीटरचा तुकडा पावणेपाच किलोच्या आसपास भरतो. असे दोनशे तुकडे साठले तर जवळपास एक टन लोखंड भंगाराच्या भावाने विकावं लागतं. त्यामुळे बार बेंडिंग शेड्यूल ऑफिसच्या फायलीत ठेवू नका. फिटरच्या हातात द्या आणि संपूर्ण मजल्याची कटिंग यादी एकत्र करा. उरलेले तुकडे लांबीनुसार रॅकवर लावले की लिंटेल, चेअर, डॉवेल यांसाठी ते आपसूक संपतात.

सिमेंटची पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर, दहापेक्षा जास्त थर न लावता रचा आणि आधी आलेलं आधी वापरा. तीन महिन्यांवर ठेवलेल्या सिमेंटची ताकद घटते. पावसाळ्यात तर पंधरवड्यापुरताच साठा मागवा. विटा आणि ब्लॉक ट्रकमधून ओतू देऊ नका, हाताने उतरवून घ्या. उतराईचा दर थोडा वाढवून दिला तरी परवडतं. एएसी ब्लॉक थापीने तोडण्याऐवजी करवतीने कापला तर दोन्ही अर्धे वापरात येतात.

गिलावा करताना भिंतीच्या पायथ्याशी ताडपत्री किंवा रिकाम्या गोण्या अंथरा. खाली पडलेला स्वच्छ माल अर्ध्या तासाच्या आत उचलून पुन्हा वापरता येतो. नुसत्या जमिनीवर पडला की तो मातीत मिसळून दुसऱ्या दिवशी घमेल्याने बाहेर जातो. रेडीमिक्सची शेवटची गाडी मागवण्याआधी उरलेला भाग टेपने मोजा. तरी घनमीटरभर काँक्रीट उरलंच तर साचे तयार ठेवा: कव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, कुंपणाचे खांब.

आता ते विटांचे तुकडे. गच्चीवरच्या कोब्यासाठी आणि बाथरूमच्या सखल स्लॅबच्या भरावासाठी आपण विटांचे तुकडे नेहमीच वापरतो; काही ठिकाणी त्यासाठी नव्या विटा फोडतात, ते बघवत नाही. पाडकामातले धुतलेले तुकडे तिथे वापरा. फुटक्या टाइल्स गच्चीवर चायना मोझॅकला घाला; पांढऱ्या टाइल्स असतील तर वरच्या मजल्याचा उकाडाही कमी होतो. जोत्याच्या भरावात विटा-काँक्रीटचे लहान तुकडे थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून बसवा. त्यात लाकडाचा एकही तुकडा राहू देऊ नका, नाहीतर वाळवीला तुम्हीच आमंत्रण दिलं असं होईल.

पुनर्प्रक्रिया केलेल्या खडीबद्दल इंजिनिअरांच्याही मनात शंका असतात. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने हा प्रश्न सोडवला आहे. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी एम २५ किंवा त्याहून कमी प्रतीच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या साध्या काँक्रीटमध्ये (पीसीसी) पूर्ण १०० टक्के चालते. तिला जुना गिलावा चिकटलेला असतो, म्हणून ती पाणी जास्त शोषते. वापरण्याआधी भिजवून घ्यायची, एवढीच काळजी. मी पहिल्यांदा वापरू पाहणाऱ्याला पीसीसी आणि पेव्हर ब्लॉकपासून सुरुवात करायला सांगतो. दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये देशातलं पहिलं मोठं प्रक्रिया केंद्र सुरू झालं, तेव्हापासून असे पेव्हर आणि कर्ब रस्त्यांवर टिकून आहेत. तुमच्या नव्या इमारतीच्या आवारातले पेव्हर आणि कर्ब याच मालाचे घेण्याची अट आर्किटेक्टला आजच सांगा. मागणी नसेल तर केंद्रांवर माल पडून राहतो.

फ्लॅटचं नूतनीकरण काढणाऱ्यांनीही तीन गोष्टी पाळाव्यात. इंटिरिअरवाल्याच्या कोटेशनमध्ये राडारोडा उचलण्याची ओळ वेगळी मागा आणि तो कुठे जाणार हे लिहून घ्या. फरशी-गिलाव्याच्या गोण्या आणि प्लायवूड-पीओपीच्या गोण्या वेगळ्या बांधा. खिडकीतून माल खाली टाकू देऊ नका. धूळ आणि अपघात दोन्ही टळतात.

धुळीपुरतं एवढंच सांगतो, की मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी जी बंधनं घातली, ती कुठल्याही गावात पाळण्यासारखी आहेत. भोवती उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचा फवारा, बाहेर पडणाऱ्या गाडीची चाकं धुणं आणि मालावर ताडपत्री. फवारा पाडकाम चालू असताना मारायचा असतो. संध्याकाळी पाहणीची गाडी यायच्या वेळी मारून उपयोग नाही.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत दोन सभासदांची नावं या कामासाठी ठरवून घ्या. एकाने गेटवर खेपांची वही ठेवायची, दुसऱ्याने दर शनिवारी वजनकाट्याच्या पावत्या त्या वहीशी ताडून बघायच्या. आणि खेपा शंभर, पावत्या साठ असं निघालं, तर उरलेल्या चाळीस डंपरांचा हिशेब मिळेपर्यंत पाडकामाच्या शेवटच्या बिलावर सही करू नका.